पाणी पिऊन येऊ नये

सिद्धेश्वरी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर तुला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी त्यांनी माझ्याकडे मागितलं, "तुमच्या त्या डॉक्टर विद्यार्थिनीवर चार ओळी द्या की." मी म्हटलं, चार ओळींत ती मावायची नाही, आणि गोड गोड लिहायला मला जमत नाही. तेव्हा घडलं तसं लिहिते आणि आधी तुलाच वाचायला पाठवते. लोकांसाठी लिहायचं म्हणून तुला 'ती' म्हणेन आणि स्वतःला करमाळकर बाई. तुझ्या गोष्टीत माझं 'मी मी' नको. चुकलं असेल तिथे लाल पेनाने खूण कर. अकरावीत मी तुझ्या भौतिकशास्त्राच्या वहीवर पुष्कळ केल्या आहेत, तुझीही हौस फिटू दे.

तर ऐक. म्हणजे वाच.

डॉक्टर सिद्धेश्वरी हिरेमठ यांचा दवाखाना अशोक चौकाच्या पुढे, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. तळमजल्यावर दोन खोल्या, आणि मागच्या भिंतीला पाठ लावून चादरींचे यंत्रमाग. सकाळी माग सुरू झाले की डॉक्टरच्या टेबलावरची पेनं आपोआप सरकायला लागतात. नवख्या माणसाला प्रश्न पडतो, इथे दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, ही बाई नळी लावून छाती ऐकते तरी कशी?

त्याची रीत ठरलेली होती. सिद्धेश्वरीने नळी कानाला लावली की तिची मदतनीस बिबीजान उठायची आणि मागच्या भिंतीवर वरवंट्याने ठोके मारायची. पलीकडचे माग थांबायचे. सिद्धेश्वरी छाती ऐकायची, पाठ ऐकायची, मान हलवायची. बिबीजान पुन्हा ठोकायची आणि माग परत सुरू. दवाखाना उघडला तेव्हापासून हे असंच. मागवाल्यांनी कधी कुरकुर केली नाही, कारण टेबलावर झोपलेला माणूस बहुतेक वेळा त्यांच्यातल्याच कुणाचा तरी बाप नाहीतर कुणाची बायको असे.

बिबीजान म्हणजे दवाखान्याचा दुसरा खांब. जखमा बांधणं, रांग लावणं, रांगेतली भांडणं सोडवणं, सगळं तीच. बोलते दखनीत, शिव्या मराठीत देते.

सिद्धेश्वरीने पन्नाशी ओलांडल्यावर एके दिवशी ठोके पडले, माग थांबले, आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. समोर एक म्हातारा विणकर धापा टाकत बसलेला. त्याच्या फुप्फुसांत पाणी आहे हे त्याच्या नाकपुड्या सांगत होत्या, पण जी बारीक करकर कानाला यायला हवी ती येईना. नळी बिघडली म्हणून तिने नवी आणली. नवीही तशीच. मग कानाच्या डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, बारीक आवाज गेले, आणखी जातील. मागांनी कान खाल्ले होते.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. बिबीजानला कळलं, कारण तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागू लागली. करमाळकर बाईंना कळलं, कारण न ऐकता मान डोलावणारी विद्यार्थिनी जन्मभर शिकवत आलेल्या बाईला लांबूनही ओळखू येते. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणायची, "आई, पुरे झालं, शटर ओढ आता." सिद्धेश्वरी म्हणायची, "काय? ऐकू येत नाही." ते खोटं आणि खरं दोन्ही होतं.

"तुला ऐकू येत नाही ना, मग बघ," करमाळकर बाई तिला म्हणाल्या. "सोनोग्राफीचा आवाज कुणाच्याच कानाला येत नाही. तिथे तुझे कान आणि माझे कान सारखेच."

बोलायला सोपं. करायला तिला सहा महिने मोठ्या इस्पितळात लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर स्टुलावर बसावं लागलं, परीक्षा द्यावी लागली, परवाना काढावा लागला. मशीन आलं ते लहानसं, डब्याएवढं, हातात धरून खाटेपाशी न्यायचं. पण आपल्याकडे ते नोंदवलेल्या खोलीबाहेर काढलं तर गुन्हा. मुलगी नको म्हणून लोकांनी या मशीनचं काय काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा कायद्याबद्दल सिद्धेश्वरीची तक्रार नव्हती. गर्भलिंग निदान होत नाही, अशी पाटी तिने स्वतः ठोकली. शेजारी आणखी एक खिळा ठोकून ठेवला, कधी लागला तर.

हात बसायला मात्र पोटं हवी होती. पहिलं पोट करमाळकर बाईंचं.

शिकवायला नंदीश यायचा. अक्कलकोटकडचा पोरगा, सोनोग्राफीचा डॉक्टर, सात रस्त्याला त्याचं सेंटर. सेंटर बंद झालं की संध्याकाळी दवाखान्यात यायचा. सिद्धेश्वरीला 'मॅडम' म्हणायचा आणि विद्यार्थिनीसारखा झापायचा, तेही कानडीत 'अल्लरी', म्हणजे 'नव्हे हो', म्हणत.

"अल्लरी मॅडम, हे मूत्रपिंड नव्हे. ही आतड्यातली हवा."

"मला तर घेवड्याचा दाणा दिसतोय."

"तुम्हाला दिसायला हवाय म्हणून दिसतोय."

"अरे, माझ्या पोटात काय आहे ते ठरवा एकदा," करमाळकर बाई टेबलावरून म्हणाल्या. "जेल थंडगार आहे तुमचं."

सिद्धेश्वरीचा हात थरथरायचा आणि पडद्यावरचं सगळंच नाचायचं. नंदीशने तिची करंगळी बाईंच्या बरगडीवर टेकवली. "हात टेका. टेकलेला हात हलत नाही. आता उजवीकडे बरगड्यांखाली बघा. हे करडं यकृत. त्याच्या खाली मूत्रपिंड. दोन्हींच्या मधे पांढरी रेघ दिसली?"

"दिसली."

"ती पांढरी आहे तोवर तुम्ही श्वास घ्या. काळी झाली तर पोटात रक्त नाहीतर पाणी सुटलंय. माणसाने हौदभर पाणी प्यायलं तरी ते त्या जागी येत नाही. हे एवढं विसरू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

सिद्धेश्वरी काही विसरली नाही. पण लक्षात असणं वेगळं आणि समोर खरं माणूस पडलेलं असताना आठवणं वेगळं. रोज रात्री डोळे मिटले की तिला करड्या-काळ्या ढगांखेरीज काही दिसायचं नाही, आणि त्यात मूत्रपिंड कुठलं नि हवा कुठली हे ठरवता ठरवता झोप उडायची.

पहिली फजिती पार्वतम्माने केली. म्हणजे केली सिद्धेश्वरीनेच, निमित्त पार्वतम्मा.

पार्वतम्मा चार घरं पलीकडे राहते. नवरा गेला, मुलगा अंबादास दवाखान्यामागच्याच मागांवर कामाला. बाई ठणठणीत, तोंड त्याहून. पोट दुखतं म्हणून आली. सिद्धेश्वरीने मशीन लावलं, आणि बेंबीखाली काळंच काळं. एवढं मोठं की पडद्यात मावेना. पोटात पाणी? गाठ? तिने तिथल्या तिथे रिक्षा बोलावून पार्वतम्माला नंदीशकडे धाडलं. अंबादासने माग सोडला. कुंभारीहून पार्वतम्माची बहीण रडत आली. अर्धी गल्ली सात रस्त्याला.

नंदीशचा फोन आला तेव्हा तो हसू दाबत होता. "मॅडम, पेशंट आल्या आल्या बाथरूमला गेल्या. आल्या तेव्हा तुमचं पाणी गायब. मूत्राशय होतं हो ते! घरून दोन तांबे पाणी पिऊन, धरून आल्या होत्या."

झालं होतं असं, की आमच्याकडे पोटाची सोनोग्राफी म्हणजे पाणी ढोसायचं आणि पाय आवळून बाकावर बसायचं, हे बायकांना पहिल्या बाळंतपणापासून पाठ आहे. पार्वतम्माने मशीन हा शब्द ऐकला आणि न सांगता भरून आली.

नंदीश पुढे गंभीर झाला. "खाली काळं दिसलं तर घाबरू नका, मॅडम. आधी वर बघा."

गल्ली हसली. 'पाणीवाली डॉक्टर' असं नाव पडलं, ते बिबीजानने म्हणणाऱ्यांची आई-माई काढून बंद पाडलं. सिद्धेश्वरी मात्र हसली नाही. करमाळकर बाईंकडे येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कानांनी चुकले असते तर कुणाला कळलं नसतं. डोळ्यांनी चुकले ते सगळ्यांना दिसलं. पुन्हा एकदा असं झालं ना बाई, तर शटर ओढते."

"ओढ. मग घरी बसून काय करशील? भाजी निवडताना तरी दिसेल का?"

"थट्टा नको. खरंच ओढते."

ती खरंच ओढेल, हे बाईंना कळलं.

त्या प्रकरणात एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. पार्वतम्मा बाथरूमला जाऊन आली तेव्हा सेंटरच्या काउंटरवरची मुलगी तिच्यावर खेकसली होती, "पाणी का सोडलंत? पोट नीट भरल्याशिवाय मशीनला दिसत नाही." नंदीशने एकदा बघून झाल्यावर तिला पूर्ण तपासणीसाठी परत पाणी पाजून बसवलं होतं. पार्वतम्माने त्यातून आपला धडा घेतला. तिच्या मते डॉक्टरीण चुकली, कारण आपण पाणी कमी प्यायलो.

आता तो दिवस. एप्रिलचं ऊन, दवाखान्यातला पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. अंबादास बनियनवर, केसांत सुताचे तंतू, रांग मोडून आत आला.

"मॅडम, गंगम्माच्या पोटात लई दुखायलंय. सकाळी उभी राहिली आन भोवळ येऊन बसलीच की."

गंगम्मा त्याची बायको, लग्नाला फार झालं नव्हतं. शेजारच्या बायकांबरोबर ओट्यावर टॉवेलांच्या कडा शिवत बसायची.

"मग तिला घरी कशाला ठेवलीस? आण लगेच. मशीन लावून बघू."

हे शेवटचं वाक्य सिद्धेश्वरीच्या तोंडून सहज गेलं. ते पुढे तिला कितीदा ऐकू आलं असेल ते तिलाच ठाऊक. बारीक आवाज गेले तरी हा काही जाईना.

चार घरांचं अंतर. पोरगी यायला हवी होती. सिद्धेश्वरीने एका बाळाचा ताप बघितला, एका आजोबांची साखर बघितली, आणि दर पेशंटनंतर दाराकडे बघितलं. तरुण बाई, पोटदुखी, भोवळ. तिला ठाऊक होतं की हे तीन शब्द एकत्र आले की बसून राहायचं नसतं.

"बिबीजान, ती गंगम्मा आली नाही गं?"

"आती होंगी ना. साडी बदलरी होंगी."

आणखी एक पेशंट. हातातलं प्रिस्क्रिप्शन तिने दोनदा चुकवलं.

"बिबीजान, जाऊन बघ."

बिबीजान गेली ती पदर खोचत, धावतच परत आली. "बाई, चलो! जिने पे बैठी है, सफेद पडी है पूरी! और सास लोटे से पानी पिलारी! बोलती, मशीन कू पेट भरा होना!"

सिद्धेश्वरी कशी पोचली ते तिला आठवत नाही. पार्वतम्माच्या घराला बाहेरून लोखंडी जिना. त्याच्या मधल्या पायरीवर गंगम्मा भिंतीला टेकून बसलेली, चेहरा कोऱ्या सुतासारखा, कपाळावर थंड घाम. पार्वतम्मा तिच्या ओठांना तांब्या लावून म्हणत होती, "नीळ्ळू तागू, पाणी पी, तागू तल्ली, अजून थोडं." आणि डॉक्टरला बघून अभिमानाने, "आलाव व्हय मॅडम? झालंच की. या टायमाला नीट भरून आणते बगा. मागच्यासारखं न्हाय."

सिद्धेश्वरीने मनगट धरलं. नाडी बोटांखालून निसटत होती, बारीक, घाईची.

"तांब्या ठेवा खाली!" ती ओरडली. पार्वतम्मा इतकी दचकली की पाणी गंगम्माच्या मांडीवर सांडलं.

"मशीनच आणा की वर," अंबादास म्हणाला. "इवलं तर हाय ते. कोण बघतंय?"

क्षणभर तिच्या मनात आलं, आणावं. मग तिला दिसलं की मशीन वर आणलं काय नि न आणलं काय, या पोरीला हा जिना उतरावाच लागणार आहे.

"तिला उचला. बसवू नका, झोपवून आणा."

कुणीतरी मागावरून नुकती उतरलेली चादर आणली, कडाही शिवलेल्या नव्हत्या. तीत गंगम्माला निजवलं. अंबादास, मागावरचे दोघे आणि बिबीजान यांनी चार टोकं धरली. जिना उतरताना गंगम्माला ओकारी आली, सगळं पाणीच. पार्वतम्मा मागून कळवळली, "अय्यो, गेलं की सगळं!"

त्या दिवशी भिंतीवर ठोके न मारताच माग थांबले. गल्ली एवढी शांत झाली की पंख्याची करकर ऐकू यायला हवी होती. सिद्धेश्वरीला ती ऐकू आली नाही.

टेबलावर घेतलं. सलाइन लावलं. "पाळी कधी आली होती?"

गंगम्माचे ओठ हलले. सिद्धेश्वरीने बिबीजानकडे बघितलं.

"पाळी चुकी है बोलती. घर में बताई नहीं."

पार्वतम्माचा हात तोंडाशी गेला. बिबीजानने सोनोग्राफीआधी कायद्याने भरायचा कागद घेतला, नाव लिहिलं, सही घेतली. तोवर सिद्धेश्वरीने जेल ओतलं आणि सवयीने, घाबरलेल्या हाताच्या सवयीने, मशीन आधी बेंबीखाली टेकवलं.

काळं. तेच काळं. पडद्यात न मावणारं.

हे मूत्राशय होतं की रक्त? पोरीच्या पोटात तांबेच्या तांबे पाणी गेलंय. एवढं काळं तिने याआधी एकदाच बघितलं होतं, याच टेबलावर, आता डोक्याशी उभ्या असलेल्या याच बाईच्या पोटात. दारात तेव्हा हसलेले सगळे उभे होते. कुणी हसत नव्हतं, पण कुणाचा विश्वासही बसलेला नव्हता.

"मॅडम," पार्वतम्मा हळूच म्हणाली, तिच्या आवाजात टोमणा नव्हता, "मागच्या टायमाला मी जाऊन आले आन समदं गेलं की. हिला जाऊन येऊ द्या का? मग बगा."

बोलणं अगदी शहाण्या माणसाचं होतं. सिद्धेश्वरीच्या जिभेवर 'बरं' आलंच होतं. तसं केलं तर पुन्हा चुकायची भीती नाही. बिबीजान धरून नेईल, दोन मिनिटांत कळेल. आणि हे रक्त असेल, तर गंगम्मा उभी राहील आणि बाथरूमच्या दारात कोसळेल, ती पुन्हा उठायची नाही.

आधी वर बघा.

तिने हात वर नेला, उजव्या बरगड्यांखाली. चित्र नाचायला लागलं. करंगळी टेकवली. करडं यकृत आलं. मूत्रपिंड आलं. दोन्हींच्या मधे पांढरी रेघ असायला हवी होती.

तिथे काळी पट्टी होती.

तिला ती नको होती. बरगडीची सावली असेल म्हणून तिने हात सरकवला. पट्टी सरकली नाही. गंगम्माला श्वास घ्यायला सांगितला. यकृत खाली आलं, मूत्रपिंड खाली आलं, आणि पट्टी दोघांच्या मधे तशीच राहिली, काळी कुळकुळीत.

"हिला कुठे जाऊ द्यायचं नाही," ती म्हणाली. "हे प्यायलेलं पाणी नाही. आत रक्त सुटलंय."

"मागच्या टायमाला बी..." अंबादासने सुरुवात केली.

"मागच्या वेळी मी चुकले. आता गाडी काढ."

तिने नंदीशला फोन लावला. जे बघितलं ते एका दमात सांगितलं. पलीकडून तो काहीतरी म्हणाला, एकच शब्द. तिला ऐकू आला नाही. फोन बिबीजानच्या कानाला दिला.

"नक्की है क्या, पूछरें!"

टेबलावर गंगम्मा डोळे मिटत होती. सिद्धेश्वरीने पुन्हा पडद्याकडे बघितलं नाही.

"नक्की."

नंदीशनेच इस्पितळात फोन करून सर्जन आणि भूलतज्ज्ञ गाठून ठेवले. मागवाल्याचा चादरींचे गठ्ठे नेणारा टेम्पो दारात होता, त्यातच गंगम्माला घातली. सिद्धेश्वरी मागे बसली, तिचे पाय आपल्या मांडीवर उंच धरून, सलाइनची बाटली बिबीजानच्या हातात. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिला वाटे, आता गेली. आणि त्याहून वाईट एक विचार मधेच डोकावे: तिथे पोट उघडतील आणि आत काही नसेल. गंगम्माच्या पोटात रक्त असावं असं आपल्याला वाटतंय की काय, या विचाराने तिला स्वतःची शिसारी आली.

पोट उघडलं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला होता, नळी फुटली होती, आणि पोट रक्ताने भरलं होतं. गंगम्मा वाचली. सर्जन मास्क उतरवून एवढंच म्हणाला, "आणलीत ते बरं केलंत." मागोमाग भूल देणाऱ्या बाई बाहेर आल्या, त्या मात्र भडकलेल्या होत्या.

"हिला एवढं पाणी कुणी पाजलं? भूल देताना उलटी फुप्फुसांत जाता जाता राहिली. आणि अशा अवस्थेत घरी कशाला थांबलात? कुणी सांगितलं होतं?"

बाकावर पार्वतम्मा होती, मांडीवर रिकामा तांब्या. टेम्पोत चढताना तो तिच्या हातातच राहिला होता. तिने मान वर केली. काय विचारलं ते तिला पुरतं कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा घाबरा झाला.

"मी," सिद्धेश्वरी म्हणाली. "मी सांगितलं होतं."

परवाना कुणी दिला हिला, अशा नजरेने भूलतज्ज्ञ बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

आता यापुढचं तुलाच सांगते, सिद्धेश्वरी, 'ती-ती' करून मला कंटाळा आला.

तू शटर ओढलं नाहीस, ते ठीक. दोन दिवसांनी माझ्याकडे आलीस, चहा गार होऊ दिलास आणि म्हणालीस, "बाई, एक पाटी हवी. पाणी पिऊन येऊ नये. त्रास होत असेल तर असाल तशा यावे. मराठीत आणि तेलुगूत." मी म्हटलं, 'यावे' कशाला, 'या' लिही, नाहीतर लोकांना सरकारी नोटीस वाटेल. यावर आपण अर्धा तास भांडलो. शेवटी ठरलं ते असं: मराठी मजकूर माझा. तेलुगू ओळ तू पार्वतम्माकडून विचारून आणायचीस. मी ते सात रस्त्याच्या माझ्या ओळखीच्या पेंटरकडे टाकायचं, आणि ती पाटी त्या रिकाम्या खिळ्यावर लागायची.

माझा मजकूर त्याच दिवशी तयार होता. तुझी ओळ अजून आलेली नाही.

का आली नाही ते मला बिबीजानकडून कळलं. तू गेली होतीस पार्वतम्माकडे. ती ओट्यावर बायकांना सांगत बसली होती, "मी भरून आणली म्हणून मशीनला दिसलं की. मागच्या टायमाला पाणी कमी पडलं, मॅडम चुकल्या. या टायमाला मी सुनेला तांब्यावर तांब्या पाजला. माझ्यामुळं वाचली पोर." गंगम्मा शेजारी बसून टॉवेलाची कड शिवत होती आणि मान डोलावत होती. तू उभी राहिलीस, गंगम्माची नाडी बघितलीस, आणि काही न विचारता परत आलीस.

मला कळतं. त्या बाईला तेलुगूत ती ओळ विचारायची म्हणजे तो तांब्या तिच्या हातून हिसकावून घ्यायचा. इस्पितळात तू तिला वाचवलंस, आता कुठल्या तोंडाने सांगणार? कळतं, पण पटत नाही. पार्वतम्मा ओट्यावर बसून गल्लीतल्या प्रत्येक बाईला तोच सल्ला देते. तू हल्ली 'मशीन' म्हणत नाहीस, 'पोट बघू' म्हणतेस, पण बायका मूर्ख नाहीत, त्यांना माहीत आहे तू कशाने बघतेस. परवा मी माझी गुडघ्याची गोळी न्यायला आले तेव्हा बाकावर एक पोटुशी पोरगी बाटली तोंडाला लावून बसली होती, पाय आवळून. आपला नंबर यायची वाट बघत होती. तुझं लक्ष आत. मी तिची बाटली काढून घेतली, ती रडायला लागली, आणि बिबीजान मलाच ओरडली.

पेंटर म्हणतो, तेलुगू आणून द्या, पाटी लगेच रंगवतो. मी त्याला सांगितलंय, आज येईल, उद्या येईल. तुझ्या खिळ्याला सध्या बिबीजानची पिशवी लटकते.